महाडच्या वाटेवरची शिदोरी



आमच्या विहाराची सहल महाडला जाऊन आली, त्याला आता चार महिने होत आले. सहलीचा जमाखर्च लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. कचेरीत दिवसभर जे करतो तेच विहारातही करतो, म्हणून कोणी दुसरा हात पुढे करीत नाही. गाडीभाडे, जेवण, फुले, मेणबत्त्या, चालकाचा चहा असे सगळे बरोबर जुळले. पण त्याच वहीच्या मागच्या पानावर आम्ही आणखी एक हिशेब लिहून ठेवला होता. तो विहाराच्या पैशाचा नव्हता. मुलांनी वाटेत काय खाल्ले त्याचा होता. त्या एका पानासाठीच हा लेख लिहायला बसलो आहोत.

पहाटेची गाडी

डिसेंबरचा शेवटचा रविवार. मनुस्मृती दहनाच्या दिवसाची, म्हणजे 25 डिसेंबरची महाडची गर्दी ओसरली होती. मुलांना नाताळची सुटी होती. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घेतली. पहाटे पाच वाजता विहारासमोर 46 जण जमले. त्यात 21 मुले, बाकी मोठी माणसे. त्रिसरण पंचशील झाले आणि गाडी हलली.

मुंबईच्या पूर्व उपनगरातली आमची वस्ती. येथल्या निम्म्याहून अधिक घरांची मुळे कोकणात किंवा घाटावर आहेत. तरी महाड अनेक मुलांनी फक्त भाषणातच ऐकलेले. पनवेल गेले, पेण आले, उजाडले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताची मोकळी खाचरे आणि मधूनच वालाची हिरवी शेते दिसू लागली. रायगडच्या या भागात भात निघाले की त्याच ओलीवर वाल पेरतात. मुलांना खिडकीतून ते दाखवले, तर एकाने विचारले, "काका, डाळिंब्यांची उसळ यातूनच येते?" आम्ही म्हटले, "होय बाळा, दुकानातून येण्याआधी येथूनच येते."

सहलीच्या सूचनेत आम्ही स्पष्ट लिहिले होते की प्रत्येकाने सकाळचा डबा आणावा. पेणच्या पुढे एका हॉटेलाजवळ गाडी थांबली तेव्हा पाहिले, तर 21 मुलांपैकी डबा आठ जणांकडे होता. बाकीच्यांच्या खिशात पैसे होते. गाडी थांबताच ही तेरा मुले दुकानाकडे धावली. त्यांच्या मागोमाग डबेवाली आठही धावली. डब्यात पोळी-भाजी असताना शेजारचा कुरकुर आवाज करीत काहीतरी खातो आहे, हे कोणत्या पोराला सोसेल?

आम्ही मोठी माणसे काय करीत होतो? वडापाव आणि गोड चहा घेत होतो. मुलांना अडवण्याचा अधिकार आमच्यातल्या एकालाही नव्हता, हे कबूल केले पाहिजे. आम्ही फक्त मोजले, तो आमचा स्वभाव. दहा रुपयांची 34 पाकिटे आणि वीस रुपयांच्या 15 थंड पेयाच्या बाटल्या. एकूण 640 रुपये.

लेण्यांच्या पायऱ्या

माणगाव गेले. लोणेरे येथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ मुलांना गाडीतूनच दाखवले. "तेथे शिकायला यायचे आहे," असे सांगितले की पोरे हसतात, पण ऐकून ठेवतात.

महाड शहराच्या अलीकडे महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. सुमारे तीस लेण्यांचा हा समूह. चैत्यगृह आहे, भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. खाली सावित्री आणि गांधारी नद्यांचे खोरे पसरलेले. जुन्या काळी बंदराकडून घाटावर जाणारे व्यापारी येथून जात आणि त्यांच्यासारख्यांच्याच दानातून ही लेणी उभी राहिली. डोंगरावर राहणारा भिक्खू खालच्या गावात भिक्षेला जाई आणि दुपारच्या आत एकदा जेवे. आपल्याकडे उपोसथाला अष्टशील पाळणाऱ्या माता-भगिनींना विकाल भोजनाचा नियम माहीत आहेच.

पायऱ्या चढायला सुरुवात केली तेव्हा दहा वाजत आले होते. मुले पुढे पळाली. निम्म्या वाटेवर मागून हाक आली. आमच्या वस्तीतली बारा वर्षांची एक मुलगी पायरीवर बसली होती. बसली म्हणजे बसताबसता कलंडली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम. शेजारच्या ताईंनी तिला मांडीवर घेतले. सुदैवाने आमच्या वस्तीच्या आशाताई सहलीत होत्या. त्यांनी मुलीला सावलीत आडवे केले, पाय थोडे उंच ठेवले, शुद्ध आल्यावर घोट घोट पाणी पाजले. मग तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आम्हाला दाखवली. जेथे लाली दिसायला हवी तेथे पांढुरके दिसत होते. नखेही तशीच.

"काय खाल्लंस गं सकाळपासून?" ताईंनी विचारले.

"चहा-बिस्कीट. मग दोन पाकिटं. आणि ते थंड."

"काल रात्री?"

मुलगी गप्प. मग म्हणाली, "आई उशिरा आली. मी नूडल्स केले होते."

ही मुलगी वर्गात पहिल्या पाचांत असते. धम्मवर्गात बुद्धपूजा सर्वांत आधी तिची पाठ झाली. वस्तीत तिला सगळे "आळशी" म्हणतात, कारण ती खेळायला येत नाही, लवकर दमते. त्या पायरीवर आम्हाला कळले की ती आळशी नव्हती. तिच्या अंगात रक्त कमी होते आणि आम्ही सर्व जण तिला वर्षभर टोमणे मारीत होतो.

चवदार तळ्याच्या काठावर

लेणी थोडक्यात आटोपली. मुलीला गाडीत झोपवून महाड गावात चवदार तळ्यावर आलो. तळ्याभोवती कठडा आहे, मध्यभागी बाबासाहेबांचा पुतळा आहे. फुले वाहिली, वंदना झाली. नंतर मुलांना काठावर बसवून 1927 सालची हकिकत सांगण्याचे काम आमच्याकडे होते. भाषण तयार होते. पण सकाळच्या प्रकाराने ते बदलले.

19 आणि 20 मार्च 1927 रोजी येथे परिषद भरली. कोकणातून, घाटावरून माणसे पायी आली. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे होते आणि खांद्यावर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. तळे समोर असून पाणी घेता येत नव्हते. परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. त्या वेळचे चाळीस रुपये! उष्टे-माष्टे आणि मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितले. म्हणजे पाण्याच्या हक्काइतकाच ताटाचा प्रश्नही त्या दिवशी महाडला मांडला गेला होता.

20 मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर देवळात शिरणार अशी अफवा उठवून गावगुंडांनी हल्ला केला. मंडपात काही माणसे जेवत होती. त्यांना मारले आणि अन्न मातीत मिसळले. पुढे दहा वर्षे कोर्टकचेरी चालली आणि मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

मुले शांत ऐकत होती. आम्ही वही काढली आणि म्हटले, "1927 साली आपल्या माणसांनी पिण्याच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजले, कारण दुसरा मार्ग नव्हता. आज सकाळी आपण रंगीत पाण्यासाठी तीनशे रुपये मोजले. आपल्याला कोणी अडवले होते का? पिशवीत साधे पाणी होते ना?"

नववीतल्या एका मुलाने सकाळचे रिकामे पाकीट दप्तरातून काढले. आम्ही त्याला वजन वाचायला सांगितले. चोवीस ग्रॅम. "मग किलोला किती पडले?" त्याने बोटांवर हिशेब केला आणि ओरडला, "काका, चारशे सोळा रुपये! बटाट्याचे!" मग बाटलीवरचे बारीक अक्षर वाचले. शंभर मिलिलीटरला अकरा ग्रॅम साखर. बाटली अडीचशे मिलिलीटरची. म्हणजे साडेसत्तावीस ग्रॅम, साधारण साडेपाच चहाचे चमचे. मोठ्या माणसानेही वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

येथे एक गोष्टही सांगितली. संयुक्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खाई. एकदा असाच भरपूर जेवून तो धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला उपवास सांगितला नाही की पदार्थांची बंदी केली नाही. सावध राहून, मात्रा ओळखून जेवावे, एवढेच एका गाथेत सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्याला ऐकवण्याचे काम दिले. हळूहळू राजाचे खाणे बेतात आले आणि अंग हलके झाले. पोटात काय जाते याकडे लक्ष ठेवणे हाही सम्यक स्मृतीचाच भाग आहे.

तळ्यावरून उठून बाजारात गेलो. मुलांना म्हटले, सकाळच्याच 640 रुपयांत काय येते ते पाहू. त्या दिवशीच्या भावाने दोन किलो भाजके चणे 280 रुपये, एक किलो गूळ 60, दोन डझन केळी 120, दोन किलो पेरू 160. बेरीज 620. वीस रुपये उरले! एवढे सगळे 46 माणसांना संध्याकाळी परतीच्या वाटेवर पुरले आणि चालकालाही दिले.

बौद्धवाडीतले जेवण

दुपारचे जेवण महाडपासून दहा-बारा किलोमीटरवर एका बौद्धवाडीत होते. आमच्यातल्या एका बंधूंचे ते सासर. वाडी डोंगराच्या पायथ्याशी, वरकस जमिनीची. अंगणात सारवण, ओट्यावर नवी नाचणी वाळत घातलेली. पंगत बसली. नाचणीच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, परतलेली सुकट, कांदा, मीठ लावलेले आवळे आणि लाल तांदळाचा भात.

मोठ्यांना ताट पाहूनच आनंद झाला. मुलांची तोंडे पडली. "भाकरी काळी का आहे?" एकाने विचारले. सुकटीच्या वाटीकडे पाहून दुसऱ्याने नाकाला रुमाल लावला. आम्ही रागावणार होतो. पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "काका, शाळेत एकदा सुकट नेली होती. सगळे लांब जाऊन बसले. तेव्हापासून मी आईला डबा देऊच देत नाही."

वाचकहो, हे ऐकून घास घशाखाली उतरेना. वडिलांच्या पिढीला तळ्यावर लांब ठेवले. पोराला डब्यावरून लांब ठेवतात. आणि मग हे पोर पाकीट का मागते, असे आपण विचारतो! पाकिटाला वास नसतो, जात नसते. शेठच्या मुलाच्या हातात आहे तेच आपल्या हातात आहे, हे समाधान त्या दहा रुपयांत मिळते. ही गोष्ट समजून न घेता मुलांना नुसते "कचरा खाऊ नका" म्हणण्यात अर्थ नाही.

आम्ही त्याला एवढेच म्हटले, "सुकटीचा वास हा तुझा दोष नाही. जे लांब बसले त्यांना पोषण म्हणजे काय ते ठाऊक नाही." आशाताईंनी पुढे समजावले. सुकट, जवळा यांत मांस वाढवणारी प्रथिने असतात, कॅल्शियम असते. मीठ मात्र जास्त असते, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावी आणि भाजीत वरून मीठ घालू नये. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच गायीच्या दुधात साधारण एकशेवीस. दूध परवडत नाही त्या घरात नाचणी हा मोठा आधार आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा मोठ्या हॉटेलांतही आपली नाचणी महाग होऊन मिरवू लागली.

हे ऐकून घरच्या आजी चुलीपुढून म्हणाल्या, "बाबा, तू शिकलेला. पन खोटं नको सांगूस पोरांना. आम्ही नाचनी खाल्ली ती हौसेनं नाय खाल्ली. भात मिळत नव्हता म्हनून खाल्ली. सणाला तांदूळ दिसायचा. माझी दोन पोरं लहानपनीच गेली. नाचनी खाऊन बळकट झाली नायत ती."

पंगत गप्प झाली. आजींचे म्हणणे खरे होते. जुन्या काळची माणसे साधे खात आणि धडधाकट असत, असे आपण सभांतून सहज बोलून जातो. त्यांच्या ताटात एकच गोष्ट असे आणि तीही पोटभर नसे, हे विसरतो. उपाशीपणाचे गोडवे गाण्यासाठी बाबासाहेबांनी आपल्याला महाडला बोलावले नव्हते. आजींच्या काळी नाचणी नाइलाज होती. आज आपल्या पोरांसमोर भातही आहे, पोळीही आहे, नाचणीही आहे आणि अंडेही आहे. निवड करण्याची ही संधी आपल्या आजी-आजोबांना मिळाली नव्हती. ती मिळाली असताना आपण पाकीट निवडतो, एवढेच आमचे म्हणणे.

आजींनीच मग वातावरण हलके केले. नववीतल्या मुलाने साखरेचा डबा मागून पेलाभर पाण्यात साडेपाच चमचे साखर घातली आणि विचारले, "कोण पिणार?" कोणीच पुढे येईना. आजी म्हणाल्या, "हसू नका रे, माझ्या चहात पन दोन चमचे असतात, आन् दिसाला पाच चहा!" हिशेब केला तर आजी त्या बाटलीच्याही पुढे गेल्या होत्या. आम्हीही आमचे चहा मनातल्या मनात मोजले आणि गप्प बसलो.

आईचा प्रश्न

रात्री दहाला वस्तीत परतलो. मुलीला तिच्या घरी पोहोचवले. तिची आई कंत्राटी सफाई कामगार. रविवारीही कामावर होती. झाला प्रकार सांगितला आणि दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यात नेण्याचे ठरवले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन 8.2. या वयाच्या मुलीला बारा तरी हवे.

हे एका घराचे दुखणे नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या तपासलेल्या मुलांपैकी 68.9 टक्के आणि 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. म्हणजे मुलीची पापणी ओढून पाहिली तर आईचीही पाहिली पाहिजे.

पुढच्या रविवारी आम्ही विहारात या ताईंना समजावायला बसलो. खिशात कागद होता. सकाळी काय द्यावे, दुपारी काय द्यावे, सगळे लिहिलेले. ताईंनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "भाऊ, मी पहाटे साडेचारला उठते, पाचला घर सोडते. घरात दुसरं बाईमाणूस नाही. पोरीच्या हातावर वीस रुपये ठेवते. आमच्या गल्लीत सकाळी सहाला उघडं असतं ते एकच दुकान. तुमच्या कागदातलं काय मिळतं तिथं?"

आम्ही कागद खिशात परत ठेवला. आईला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. पण जिचा दिवस पाचला सुरू होतो तिला पौष्टिक पाककृती ऐकवणे म्हणजे भुकेल्याला भाषण देणे.

विहारातली सकाळ

त्याच दिवशी महिला मंडळाने मार्ग काढला. सकाळी साडेसहाला विहार उघडायचा. चार भगिनींनी पाळीपाळीने रात्री भिजवलेले हरभरे उकडून, कांदा-लिंबू घालून मुलांना द्यायचे. हिशेब आम्ही मांडला. वीस मुले, माणशी चाळीस ग्रॅम हरभरे म्हणजे आठशे ग्रॅम. ऐंशी रुपये किलोने 64 रुपये. कांदा, लिंबू, तेल, गॅस मिळून 36. रोजचे शंभर. म्हणजे मुलामागे पाच रुपये, सर्वांत लहान पाकिटाएवढेच! महिन्याचे 26 दिवस, 2600 रुपये. 26 घरांनी शंभर-शंभर रुपये वर्गणी दिली. शनिवारच्या उकडलेल्या अंड्याचा खर्च एका निवृत्त बंधूंनी स्वतःहून उचलला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. तिसऱ्या आठवड्यात मुले कंटाळली. "रोज हरभरेच?" म्हणू लागली. मग मुलांनाच वार ठरवायला सांगितले. त्यांनी मंगळवारी मटकी, गुरुवारी नाचणीची गोड आंबील, शुक्रवारी चवळी अशी यादी भिंतीवर लावली. जे स्वतः ठरवले ते मुले मुकाट्याने खातात, हा आमचा अनुभव. पाकिटावर बंदी घातली नाही. रविवारी एक पाकीट, तेही पाठीमागचा मजकूर मोठ्याने वाचून, असा नियम मुलांनीच केला. तो रोज मोडतो, पण पूर्वीपेक्षा कमी मोडतो.

कोपऱ्यावरचे दुकानदार आपलेच बंधू. त्यांना चणे, शेंगदाणे आणि चिक्कीच्या बरण्या पुढे मांडायची विनंती केली. ते म्हणाले, "मांडतो, पण पाकिटाची माळ काढणार नाही. घर त्यावर चालतं." त्यांचेही खरे आहे. माळ आहे तेथेच आहे, बरण्या पुढे आल्या आहेत.

शाळेच्या दारातली गोष्ट मात्र कायद्याची आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. पालकसभेत हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तळ्याचा हक्क मिळवणाऱ्यांच्या लेकरांनी एवढे विचारायला कचरू नये.

घरोघरी करता येईल ते

आशाताईंनी आमच्या वस्तीत सांगितलेल्या, पैसे न वाढवता करता येणाऱ्या काही गोष्टी येथे देत आहोत.

जेवताना आणि जेवणानंतर तासभर चहा देऊ नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू यांनी लोह शोषायला मदत होते. म्हणून उसळीवर लिंबू पिळावे.

कडधान्य भिजवून मोड आणावेत. रात्री झोपताना एक वाटी भिजत घालणे एवढेच काम आहे आणि ते घरातल्या मुलाला किंवा पुरुषाला सांगता येते.

रेशनचा तांदूळ-गहू आहेच. त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तरी नाचणी, ज्वारी किंवा बाजरीची भाकरी करावी.

शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, लहानांना गुलाबी आणि मोठ्यांना निळ्या, मुलांनी फेकू नयेत. जेवणानंतर घ्याव्यात. जंताची गोळीही चुकवू नये. रक्त फार कमी असेल तर नुसत्या आहारावर न थांबता दवाखान्यात जावे.

डबा एकाच ताटातला असावा. मुलाला अंडे आणि मुलीला चहा-पोळी असे आपल्या घरांत अजून घडते. समतेचे भाषण करून घरी आल्यावर आपण दोन्ही ताटे पाहावीत.

आणि पुरुषमंडळींनी मुलांसमोर तंबाखूची पुडी फोडून "पाकीट खाऊ नको" म्हणू नये. मुले ऐकत नाहीत, पाहतात.

असो. मार्चमध्ये त्या मुलीचे रक्त पुन्हा तपासले. 10.4 आले. मुख्य काम दवाखान्याच्या गोळ्यांनी केले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गोळ्या संपल्यावर पुढे टिकायचे ते ताटावर. अजून बाराला पोहोचायचे आहे. परवा संध्याकाळी ती विहारासमोरच्या मैदानात लंगडी खेळताना दिसली. दमली आणि कठड्यावर बसली. या वेळी तिला कोणी आळशी म्हटले नाही. तिची आई कामावरून येत होती, तीही तिच्याजवळ जाऊन बसली. आशाताई म्हणतात, पुढच्या आठवड्यात आईचेही रक्त तपासायचे आहे. आई "वेळ नाही" म्हणते. तो वेळ कसा काढायचा, याचा विचार आता मंडळाला करायचा आहे.

2027 साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. तेव्हा पुन्हा गाडी करायचे ठरले आहे. सहलीच्या सूचनेत यंदाही लिहिणार आहोत की प्रत्येकाने सकाळचा डबा आणावा. फक्त या वेळी त्याखाली एक ओळ वाढवली आहे: ज्यांच्या घरी डबा करायला कोणी नाही, त्यांचा डबा विहारातून मिळेल.

जयभीम! नमो बुद्धाय!